पावती पुस्तकाचा इतिहास: वर्गणीचा पैसा नेमका कोणाचा?

ज्येष्ठ लागला की मुक्ताईनगर-कोथळीहून संत मुक्ताबाईंची पालखी पंढरपूरला निघते. बुलढाणा, जालना, बीड असा जवळपास महिनाभराचा पायी प्रवास. मुक्कामाच्या गावी कोणी पंगत देतं, कोणी चहा, कोणी पाण्याचा टँकर. त्यासाठी गावात आधी वर्गणी जमलेली असते. आपल्या खानदेशात सप्ताह, भंडारा, मंदिराचा जीर्णोद्धार, एखाद्याच्या ऑपरेशनला मदत, असं बरंच काही वर्गणीवर चालतं. तर आजचा प्रश्न साधा आहे. मी शंभर रुपये दिले, पावती घेतली. आता ते शंभर रुपये कोणाचे?

माझे राहिले नाहीत. ज्याने घेतले त्याचेही झाले नाहीत. ते त्या कामाचे झाले. ऐकायला सोपं वाटतं ना? पण हे सामान्य माणसाला बजावून घेता येईल अशी सोय व्हायला बराच काळ गेला.

इंग्रजांच्या काळात धर्मादाय पैशाचा घोळ झाला, तर १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतलं कलम ९२ हा मुख्य मार्ग होता. त्या संस्थेशी हितसंबंध असलेल्या किमान दोन जणांनी अॅडव्होकेट जनरलची संमती घ्यायची आणि मग दावा लावायचा. आता विचार करा, तेव्हाच्या एदलाबादचा, म्हणजे आजच्या मुक्ताईनगरचा शेतकरी चार आण्यांच्या वर्गणीसाठी एवढी खटपट करेल का? त्यामुळे हिशेब विचारायची हिंमत कोणी फारशी करत नसे. सगळा भरवसा माणसावर.

आणि कधी कधी तो भरवसा फळाला यायचा, हेही सांगितलं पाहिजे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंड चालवला. कल्पना अशी की प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यायचा आणि त्यातून स्वदेशी उद्योग उभा करायचा. लोकमान्य टिळकांनी त्याला पाठबळ दिलं. त्या पैशांतून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे इथे काचेचा कारखाना सुरू झाला. लोकांनी दिलेला पैसा लोकांना डोळ्यांनी दिसला. पुढे १९२१ च्या टिळक स्वराज्य फंडाचं लक्ष्य होतं एक कोटी. एवढी रक्कम गावोगावच्या हातांतून यायला लागली की चांगल्या माणसावरही शंका घेतली जाते. मग वही, पावती आणि तपासणी हेच त्या माणसाचं संरक्षण ठरतं.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा केला. आज तो महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो. धर्मादाय आयुक्त हे पद त्यातूनच आलं. विश्वस्त संस्थेची नोंदणी, दरवर्षीचा हिशेब आणि लेखापरीक्षण बंधनकारक झालं. संस्थेची जमीन विकायची तरी आयुक्तांची परवानगी लागते.

या कायद्याला लगेच आव्हान मिळालं. रतिलाल पानाचंद गांधी विरुद्ध मुंबई राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली निकाल दिला. कायद्याचा मोठा भाग टिकला. पण धर्मादाय संस्थेचा मूळ हेतू अजून पार पाडता येत असताना तिचा पैसा दुसऱ्याच कामाकडे वळवायची मुभा देणारा भाग न्यायालयाने मान्य केला नाही. म्हणजे देणाऱ्याचा हेतू सरकारलाही सहज बदलता येत नाही. सरकारला नाही, तर गावच्या समितीला कसा येईल? सप्ताहाचे उरलेले पैसे कोणाच्या तरी निवडणुकीत किंवा सत्कारात गेले, तर ‘गावाचेच होते ना’ हे उत्तर चालत नाही.

आता कळीचा भाग. आपल्याकडे बहुतेक वर्गणी नोंदणी नसलेली मंडळं गोळा करतात. त्यांच्यासाठी याच कायद्यात कलम ४१ क आहे. गणेशोत्सव, नवरात्र यांच्या आधी वर्तमानपत्रात याची सूचना दरवर्षी येते, ती यामुळेच. आधी धर्मादाय कार्यालयाकडून परवानगी, नंतर हिशेब. न घेतल्यास शिक्षेचीही तरतूद आहे. आणि ‘दिली नाही तर बघून घेऊ’ असं दुकानदाराला म्हणाल, तर ती वर्गणी राहत नाही, ती खंडणी होते. भारतीय न्याय संहितेत खंडणी कलम ३०८ मध्ये आहे, आणि विश्वासाने हाती आलेला पैसा गिळणं कलम ३१६ मध्ये.

यात सगळ्यात उघड्यावर कोण असतं माहितीये? पावती पुस्तक घेऊन फिरणारा वीस-बावीस वर्षांचा पोरगा. सही त्याची, पैसा त्याच्या खिशात, आणि ठराव मात्र कोणाच्याच नावावर नाही. म्हणून थोडक्यात सांगतो. पुस्तकांवर क्रमांक छापा आणि कोणतं पुस्तक कोणाकडे आहे ते लिहून ठेवा. गोळा करायला दोघं जा, अंधार पडायच्या आत परत या. पेटी पाच जणांसमोर उघडा, मोजा, सह्या करा, आणि दुसऱ्या दिवशी बँकेत भरा. क्यूआर कोड समितीच्या खात्याचा ठेवा, कोणा एकाच्या मोबाइलचा नको. पेटीवर कोणी दुसरा कोड चिकटवला नाही ना, हे अधूनमधून बघा. परदेशात राहणाऱ्या नातेवाइकाने पाठवतो म्हटलं, तर तो भारतीय नागरिक आहे की परदेशी, हे आधी विचारा. परदेशी देणगीचा कायदा वेगळा आणि कडक आहे.

शेवटी, काम झालं की जमा-खर्चाचा कागद मंदिराच्या भिंतीवर लावा. उरलेली रक्कमही त्यात लिहा, आणि तिचं काय करायचं ते देणाऱ्यांसमोर ठरवा. पुढच्या वर्षी तोच पोरगा त्याच दारात उभा राहील, तेव्हा लोक त्याचा चेहरा बघतील आणि तो कागद आठवतील.

तुमच्या गावात हिशेब कसा लावतात, आम्हाला जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात. जय मुक्ताई!