डेल्फ्टच्या मातीतील जंतू

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सूक्ष्मजंतूंचा अभ्यास म्हणजे रोगांचा अभ्यास, असेच समीकरण बहुतेकांच्या मनात होते. बर्लिनमध्ये कॉख, पॅरिसमध्ये पाश्चर. राजधान्यांचे वैभव त्यांच्या पाठीशी. अशा काळी, १८९५ साली, हॉलंडमधील डेल्फ्ट या लहानशा नगरीच्या तंत्रविद्यालयात मार्टिनुस बायेरिंक प्राध्यापक म्हणून रुजू झाला. तत्पूर्वी दहा वर्षे त्याने तेथल्याच यीस्टच्या कारखान्यात चाकरी केली होती. विद्यालयाला वैद्यकशाखा नव्हती. ही उणीव, माझ्या मते, त्याच्या पथ्यावरच पडली. माती किंवा कालव्याचे पाणी तपासताना ‘यातून रोग कोणता होतो?’ असे विचारणारा शेजारी तेथे नव्हता.

त्याची रीतही निराळी. पाण्यात मॅनिटॉल व थोडे क्षार घालावयाचे, नत्रयुक्त पदार्थ मात्र मुळीच नाही. मग बागेतील चिमूटभर माती टाकून वाट पाहावयाची. बाकीचे जंतू उपाशी मागे राहतात, हवेतील नत्र पचविणारा तेवढा माजतो. जंतूला हुडकीत न बसता त्याच्या सोयीचे घर बांधून द्यावयाचे! १९०१ मध्ये ॲझोटोबॅक्टर सापडला तो असा.

बायेरिंक स्वभावाने तुसडा. विद्यार्थी त्याला वचकून असत. १९२१ मध्ये तो निवृत्त झाल्यावर आलेल्या क्लॉयव्हरने शिष्य जोडले. त्यांपैकी व्हान नील याने कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील पॅसिफिक ग्रोव्हच्या छोट्या सागरी केंद्रात हीच विद्या १९६२ पर्यंत उन्हाळी वर्गांतून शिकविली.

आपल्याकडील शेतकरी पेरणीपूर्वी गुळाच्या पाण्यात कालवून ज्वारीच्या बियाण्याला जे जिवाणू संवर्धक चोळतो, त्यातही हाच ॲझोटोबॅक्टर असतो.