घर किती महिने चालतं?



आटपाडीच्या बाजारात मेंढरं घेऊन आलेल्या माणसाला विचारा, "यंदा कसं काय?" तो म्हणेल, "चाललंय बघा." या 'चाललंय'मध्ये केवढी ओढाताण दडलेली असते! ती मोजायची कशी, हा प्रश्न आपल्या मुलखात फार जुना आहे.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यात सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि खतं जाळली. सरकारने चौकशी केली. १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्याला दिलासा देणारा कायदा झाला. सावकाराचं देणं किती, हे चव्हाट्यावर आलं. पण देण्याच्या आकड्यावरून घराची सारी अवस्था कळते का? वहीत नाव नाही, म्हणून घर सुखी, असं नव्हे. पत नाही म्हणून कोणी उधार देईना, तरी वहीत नाव नसतंच की!

पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी वेगळी वाट धरली. आपल्या सहकाऱ्यांना घेऊन ते पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावात घरोघर फिरले. घरात वर्षाला येतं किती, आणि साध्या गरजा व व्याज भागवायला लागतं किती, एवढाच त्यांचा सवाल. १९१७ साली त्यांनी निष्कर्ष छापला. १०३ कुटुंबांपैकी केवळ जमिनीवर भागणारी ८. जमीन आणि बाहेरचं काम मिळून भागणारी २८. आणि कशानेही न भागणारी ६७. वाटण्या होत होत त्या गावातली सरासरी जमीन १७७१ मधल्या ४० एकरांवरून ७ एकरांवर आली होती.

पुढे जातेगाव बुद्रुक हे कोरडवाहू गाव त्यांनी पाहिलं. १९२१ सालच्या त्या वृत्तांतात शंभरांत पंच्याऐंशी घरं न भागणारी निघाली. पिंपळ्याला पुण्याजवळचं बाहेरचं काम होतं. जातेगाव शहरापासून लांब आणि पावसाच्या भरवशावर.

आता आटपाडीकडे वळू. हाही अवर्षणाचा मुलूख. इथल्या घरांतली पोरं गलाईच्या धंद्यासाठी देशभर गेली, मुंबईला गेली. धनगर मेंढरं घेऊन चाऱ्यामागे वाटा तुडवत राहिले. तेव्हा इथलं उत्पन्न मोजायचं, तर नुसता सातबारा पाहून कसं चालेल? मनीऑर्डर, लोकर, शेळी, मजुरी, सारंच धरावं लागतं.

देशाचं चित्रही तेच सांगतं. २०१८-१९ च्या सरकारी पाहणीत शेतकरी कुटुंबाचं महिन्याचं सरासरी उत्पन्न १०,२१८ रुपये निघालं. त्यात पिकाचे ३,७९८, तर मजुरी-पगाराचे ४,०६३. निम्म्याहून किंचित अधिक कुटुंबं कर्जात होती. पण सरासरी म्हणजे बागायतदार आणि कोरडवाहू एकाच तराजूत घालणं. ज्याच्या घरी श्रावणातच कणगी रिकामी होते, त्याला ती सरासरी काय सांगणार?

म्हणून गुरुजी, वरच्या वर्गातल्या मुलांना एक हिशोब शिकवा. एका कल्पित घराचे बारा महिने फळ्यावर मांडा. आलं किती, गेलं किती. बी-बियाणं, खत, औषधपाणी, लग्नकार्य, हातउसने, गहाण डाग, अडचणीत विकलेली शेळी, काही सोडू नका. खऱ्या घरांची नावं मात्र फळ्यावर नकोत. अब्रू हीसुद्धा माणसाची मिळकतच आहे.

आणि बांधवहो, आपल्या घरीही अशी एक वही ठेवा. सावकाराची वही आपल्याविषयी बोलते. आपली वही आपल्या बाजूने बोलेल. रामराम.