अजगराचा विळखा आणि आग्तांची साक्ष

‘अज’ म्हणजे बोकड. त्याला गिळणारा तो अजगर. व्युत्पत्तीतले हे भय शेळ्यामेंढ्यांपुरतेच आहे. माणसाला विळखा पडतो तो महाभारताच्या वनपर्वात. शापित नहुष भीमासारख्या बलाढ्य वीराला जखडतो आणि युधिष्ठिराच्या उत्तरांनी त्याची सुटका होते. अशा कथांमुळेच की काय, अजगर माणसाचा घास घेतो हे म्हणणे सुशिक्षितांनी दीर्घकाळ दंतकथेत जमा केले. मला कुतूहल वाटते ते या अविश्वासाचे.

फिलिपीन्समधील लुझोन बेटावर, सिएरा माद्रेच्या अरण्यात आग्ता ही शिकारी जमात राहते. मानवशास्त्रज्ञ थॉमस हेडलंड १९६२ पासून त्यांच्यात वावरले. १९७६ मध्ये त्यांनी १२० आग्तांच्या मुलाखती नोंदवल्या. ५८ पुरुषांपैकी १५ जणांवर जाळीदार अजगराने हल्ला केलेला होता; ६२ स्त्रियांपैकी अवघ्या एकीवर. पुरुषांचा वावर दाट रानात अधिक, हे त्याचे उघड कारण. रानडुक्कर, हरिण, माकड ही माणसाची शिकार, तीच अजगराचीही. शिवाय आग्ता अजगरालाही खात. वैर असे दुहेरी होते. हाती कोयता किंवा घरगुती बंदूक असल्याने बहुतेक जण वाचले. मात्र १९३४ ते १९७३ या काळात सहा जण दगावले. १९७३ मध्ये तर तिन्हीसांजेला झोपडीत शिरलेल्या अजगराने दोन मुले मारली. बापाने परत येऊन त्याला ठार केले, तेव्हा तो एका मुलाला डोक्याकडून गिळत होता. तान्ही मुलगी बचावली.

या नोंदी सर्पतज्ज्ञ हॅरी ग्रीन यांच्या साहाय्याने शोधनिबंधात आल्या त्या २०११ मध्ये! निरक्षरांची साक्ष विद्वत्तेच्या दारी पोहोचायला पस्तीस वर्षे लागली. आपल्या गावकऱ्यांच्या सांगण्याला आपण याहून अधिक मान देतो, असे मला वाटत नाही.

सह्याद्रीतला आपला अजगर निराळ्या जातीचा आणि लांबीने कमी; त्याच्यावर हे आरोप लादू नयेत. पण मोठ्या अजगराचे बळ मात्र क्षुल्लक नव्हे. विळख्यात श्वास कोंडतो, हीच आपली समजूत. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बोआ सापांवरील प्रयोगांत मात्र दिसले, की विळखा पडताच काही सेकंदांत उंदराचे रक्ताभिसरणच खुंटते.

इंडोनेशियात २०१७ मध्ये सुलावेसी बेटावर एका तरुणाचा मृतदेह अजगराच्या पोटात सापडला. २०१८ मध्ये मुना बेटावर आपला मळा पाहायला गेलेल्या एका स्त्रीचीही तीच गत झाली. शोधणाऱ्यांना आधी दिसल्या तिच्या चपला आणि कोयता. पोट फुगलेला अजगर तेथून जवळच पडलेला होता.