कोणत्या पेरींचा झेंडा?

रॉबर्ट पेरी उत्तर ध्रुवाच्या मोहिमांवर नेत तो अमेरिकेचा रेशमी झेंडा आता नॅशनल जिओग्राफिक सोसायटीकडे आहे. त्याच्याबद्दल मराठीत लिहिताना ‘पेरींचा झेंडा’ इथे माझी लेखणी अडते. आपल्या आदरार्थी अनुस्वारात नवराही मावतो आणि बायकोही.

झेंडा शिवला होता जोसेफिन पेरी यांनी, 1894च्या सुमारास. घरी वाट पाहत शिवणकाम करणाऱ्या बाईचं हे काम नव्हे. 1891-92चा हिवाळा त्यांनी मोहिमेबरोबर उत्तर ग्रीनलंडमध्ये काढला होता. वॉलरसांचा कळप होडीवर चालून आला, तेव्हा त्या होडीत खाली बसून पुरुषांच्या रिकाम्या बंदुका भरून देत होत्या. पुढच्या मोहिमेत, सप्टेंबर 1893मध्ये, थोरली मारी तिथेच जन्मली.

ध्रुव गाठणं ही त्या काळी उघड उघड शर्यत होती आणि हा झेंडा म्हणजे तिचा करंडक. फरक इतकाच, की करंडक जिंकल्यावर हातात येतो. हा दर टप्प्यावर थोडा थोडा कमी होत गेला. पेरी तो अंगाभोवती गुंडाळून नेत आणि मजल संपे तिथे त्याचा तुकडा कापून ठेवत. केप मॉरिस जेसप, केप थॉमस हबर्ड, केप कोलंबिया, 1906मध्ये 87 अंशांपलीकडचा बर्फ. शेवटी एप्रिल 1909मध्ये, मॅथ्यू हेन्सन आणि चार इनुइट सोबत असताना, एक रुंद तिरकी पट्टी. ते ठिकाण ध्रुवच होतं का, यावर अजून वाद आहे.

मला त्यातला जेसपचा तुकडा सोडवत नाही. तिथे पेरी पोचले मे 1900मध्ये. आदल्या वर्षी त्यांची धाकटी मुलगी फ्रान्सीन, बापाने एकदाही न पाहिलेली, सात महिन्यांची होऊन गेली होती. 1900च्याच उन्हाळ्यात जोसेफिन मारीला घेऊन ‘विंडवर्ड’ जहाजाने नवऱ्याकडे निघाल्या. जहाज केप सेबाइनजवळ बर्फात अडकलं. पेरी दूर फोर्ट काँगरला, बायको इतक्या जवळ आलीय याचा त्यांना पत्ता नाही. जोसेफिनना भेटली ती आलेकासिना, एक इनुइट तरुणी. तिचं बाळ पेरींचं होतं.

नवराबायकोची भेट व्हायला मे 1901 उजाडला.

झेंडा त्यानंतरही आठ वर्षं कापला जात राहिला. सोसायटीने जोसेफिनना पदक दिलं ते 1955मध्ये. त्याच डिसेंबरात त्या गेल्या.