रस्त्याला रात्र होती तेव्हा

आमच्या देवबागला जंगल नाही. एका अंगाला दर्या, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी, मध्ये माड आणि वाळू. मालवणहून तारकर्लीवरून आलेला रस्ता इथेच संपतो. रानटी म्हणावं असं जनावर म्हणजे कोल्हा. तो रात्री पुळणीवर कुर्ल्या धरायला आणि कासवाची अंडी उकरायला यायचा. त्यामुळे गाडीखाली गवा किंवा डुक्कर आल्याची बातमी कानावर आली की इथली माणसं ताबडतोब निकाल देतात, जनावरं वाढली! माझी सगळी नोकरी एसटीच्या स्टिअरिंगवर गेली, तीही बरीचशी घाटात. मला तो निकाल पटत नाही. जनावरांच्या वाटा जुन्याच आहेत. बदलली ती रस्त्यावरची रात्र.

वेंगुर्ल्याच्या बंदरातला माल बैलगाड्यांनी घाट चढून बेळगावकडे जायचा, त्या काळात वाहनाची धडक बसून जनावर मेलं असं सहसा ऐकायला मिळालं नसतं. मिळणार कसं? गाडीचा वेग माणसाच्या चालीचा, कण्याखाली टांगलेला कंदील, आणि पुढे वाघाचा वास आला की बैल स्वतःच अडून बसायचे. शहाणा गाडीवान दिवस मावळायच्या आत घाटाच्या पायथ्याशी गाडी सोडायचा. पुढची रात्र ज्याची त्याला.

मोटार आली तरी ही शिस्त बरीच वर्षं टिकली. एसटीची पहिली गाडी 1 जून 1948 रोजी पुण्याहून नगरला सुटली. त्यानंतर कोकणात गावोगाव एसटी पोचली, पण संध्याकाळची शेवटची गाडी गावात वस्तीला थांबायची आणि पहाटे निघायची. रातराण्या सुरू झाल्या तेव्हा घाटांना पहिल्यांदा रात्रभर दिवे दिसू लागले.

माझा आवडता आणि सगळ्यात भीतीचा रस्ता फोंडाघाटाचा. कोल्हापूरकरांच्या जुन्या शिकारीच्या रानात 1958 साली दाजीपूरचं गवा अभयारण्य झालं, राज्यातलं पहिलं. 1985 मध्ये ते वाढवून राधानगरी अभयारण्य केलं. फोंडाघाट चढून जाणारा देवगड-निपाणी रस्ता त्याच रानातून जातो. रात्री गवा दिसत नाही, हे गाडी न चालवणाऱ्याला सांगून कळत नाही. टनभर वजनाचा नर, पण अंग इतकं काळं की हेडलाइटचा प्रकाश त्यात मुरून जातो. दिसतात ते गुडघ्याखालचे पांढरे पाय. चार पांढऱ्या काठ्या रस्त्यात उभ्या असाव्यात तसे.

एकदा पावसात असा एक गवा रस्ता ओलांडून गेला. मी गिअर टाकणार, तोच मागून आमचे कंडक्टर म्हणाले, "रे, थांब. हॉर्न मारू नको. पाठसून आजून येतत." मी दिवा बारीक केला. पाठोपाठ दोन माद्या आल्या, मग एक पाडस. ते मध्येच थांबून डांबर हुंगत बसलं. गाडीत कोणी चकार शब्द काढला नाही. पहिलं जनावर गेलं म्हणून गाडी दामटायची नाही, हा धडा कुठल्या परीक्षेत नव्हता.

जुने ड्रायव्हर मात्र आणखी एक गोष्ट सांगायचे, जरा चवीनेच. गाडीला भेकर किंवा डुक्कर लागलं तर जवळच्या वाडीत निरोप जायचा आणि रानातल्या शिकारीसारखे त्याचेही वाटे पडायचे. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि नुसती शिकारच नव्हे, चुकून मेलेलं जनावरसुद्धा सरकारी मालमत्ता ठरलं. वाटे बंद झाले ते बरंच झालं. पण त्याबरोबर कळवणंही बंद झालं. लफडं नको म्हणून माणूस न थांबता पुढे निघून जातो, आणि जखमी जनावर झुडपात पडून राहतं. वनखात्याचा 1926 हा नंबर आहे, तो फिरवायला काय जातं?

आता आमच्याकडचा मुंबई-गोवा रस्ता चौपदरी झाला. त्यातलं खरं संकट मला दुभाजक वाटतो. पूर्वी जनावर तीन-चार उड्यांत पार व्हायचं. आता ते दोन पदर ओलांडतं, मध्ये भिंत लागते, मागे वळतं आणि दुसऱ्या गाडीपुढे येतं. खवले मांजराला तर पळणं ठाऊकच नाही. भीती वाटली की ते गोळा होऊन बसतं. हा उपाय बिबट्यापुढे चालतो, ट्रकपुढे नाही. आंबोलीच्या घाटात पावसाळी रात्री किती बेडूक चिरडले जातात ते कोण मोजणार! त्यात ज्याची नोंद शास्त्रज्ञांनी 2009 मध्येच केली आणि जो तिथल्या पठाराबाहेर सापडत नाही, तो आंबोली टोडही असतो.

29 डिसेंबर 2017 रोजी नागपूर-अमरावती महामार्गावर बाजारगावजवळ बोर व्याघ्र प्रकल्पातला बाजीराव नावाचा वाघ गाडीखाली गेला, तेव्हा पेपरात पहिल्या पानावर फोटो आले. त्याच नागपूरच्या उत्तरेला, पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या महामार्गाखाली जनावरांसाठी रुंद वाटा बांधल्या आहेत. सगळ्यात लांब वाट साडेसातशे मीटरची. तिथल्या कॅमेऱ्यांत वाघ टिपले गेलेत. आमच्याकडे तेवढा खर्चही पडणार नाही. दर मैलाला एखादा व्हाळ महामार्गाखालून वाहतोच. त्याच्या मोऱ्या गवा मान खाली न घालता जाईल एवढ्या उंच केल्या, काठाला कोरडी वाट ठेवली आणि दोन्ही बाजूंना कुंपण ओढलं, तर निम्मं काम होईल. उरलेलं निम्मं ड्रायव्हरचं, आणि त्याला सध्या सकाळी सातला मालवणात पोचून स्कूबा करायची घाई असते.