हस्तातील नारिंगी तारा आणि निजामिया वेधशाळा

हस्ताचा पाऊस आणि हादगा यांमुळे हस्त नक्षत्राचे नाव मराठवाड्यात सर्वांस परिचित आहे. परंतु त्या दिवसांत सूर्यच हस्तात असल्यामुळे त्याचे तारे दिसत नाहीत. ते पाहावयाचे तर वैशाखातील रात्री छत्रपती संभाजीनगराहून दक्षिणेकडे पाहावे. चौकटीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातील तारा, एप्सिलॉन कॉर्व्ही, नारिंगी आहे. त्याचे अंतर सुमारे ३०० प्रकाशवर्षे. पृष्ठभागाचे तापमान सुमारे ४,३०० केल्विन, म्हणजे सूर्याहून बरेच कमी. आकाराने मात्र तो राक्षसी तारा होय.

पॅरिस येथे १८८७ साली ठरलेल्या छायाचित्रीय तारासूचीच्या योजनेत दक्षिण क्रांती १७ ते २३ अंशांचा पट्टा प्रथम सांतियागोकडे होता. पुढे तो हैदराबादच्या निजामिया वेधशाळेने पत्करला. हस्तातील हा तारा याच पट्ट्यात येतो. नवाब जफर जंग यांनी १९०१ साली स्थापिलेली ही वेधशाळा १९०८ मध्ये सरकारी झाली. महाराष्ट्रातील वेधशाळा म्हटली की पुण्याची महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा (१८८८–१९१२) आठवते, हे योग्यच. तथापि मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, आणि ज्या तिजोरीतून बेगमपेठेतील दुर्बिणींचा खर्च भागला तीत येथील शेतसाराही जमा होत असे. हा वारसा आपण परका मानावा काय?

पोकॉक आणि त्यांच्यानंतर टी. पी. भास्करन (१९१८–१९४४) यांच्या कारकिर्दींत हे काम चालले. त्या सूचीचा उपयोग करणाऱ्या अभ्यासकाने एक सावधगिरी बाळगावी. त्या काळच्या काचांवरील लेप निळ्या प्रकाशास संवेदनक्षम, नारिंगीस मंद होता. डोळ्यांस हस्तातील निळसर गॅमा तारा २.६ प्रतीचा, तर एप्सिलॉन ३.० प्रतीचा भासतो. म्हणजे गॅमा सुमारे दीडपट तेजस्वी. निळ्या प्रकाशात हेच अंतर पाचपटीहून अधिक होते. सूची मुख्यतः मंद ताऱ्यांसाठी होती. त्यांतील नारिंगी ताऱ्यांचीही गत हीच. अशा प्रती नेत्रवेधांशी सरळ ताडून पाहणाऱ्याची फसगत होते. उलट, दोन्ही प्रती हाती असल्या तर त्यांतील फरक हेच रंगाचे माप ठरते.

स्थानांच्या बाबतीत ही अडचण नाही. ताऱ्याची निजगती काढण्यास जुना वेध लागतो, आणि तो मागाहून घेता येत नाही. २००० साली प्रसिद्ध झालेल्या टायको-२ सूचीत सुमारे २५ लाख तारे आहेत. त्यांच्या निजगतींसाठी जुनी स्थाने घेतली गेली ती प्रामुख्याने या छायाचित्रीय सूचीतून, आणि तीत हैदराबादचा पट्टाही आहे.