पाव इंचाचा आटा

गेल्या गणपतीत माझा पुतण्या बंगळूरहून आला तो दोन खोकी घेऊनच. एकात संगणकाचे सुटे भाग होते. दुसऱ्यात काचेसारख्या पारदर्शक ॲक्रिलिकच्या नळ्या, मुठीएवढा पंप, मोटारीच्या रेडिएटरचे पिल्लू शोभेल असा एक रेडिएटर आणि निकेल चढवलेली चकचकीत पितळी फिटिंग्ज. "काका, हा संगणक पाण्यानं थंड करायचाय," तो म्हणाला. जन्मभर शाळेत इतिहास शिकवलेल्या माझ्यासारख्याला विज्ञान ठाऊक ते एवढेच, की विजेपासून पाणी दूर ठेवावे. इथे तर विजेच्या यंत्रात हौसेने पाणी खेळवायचे होते, आणि त्या यंत्रात पोराची वर्षभराची शिल्लक गुंतलेली होती.

त्याच दिवशी मोरीचा नळ दुरुस्त करायला आमच्या शहापुरातला नळकारागीर आला होता. जाता जाता टेबलाशी थांबून त्याने एक फिटिंग उचलले आणि आट्यांवरून अंगठ्याचे नख फिरवले. "सर, हे पाव इंची आटं हाईत की वो! आमचंच सामान हे."

पुतण्या हसला. "अहो, हे कॉम्प्युटरचं आहे. ह्याला जी वन-फोर म्हणतात."

कारागिराने वाद घातला नाही. पिशवीतून एक पितळी टोपी काढली, त्या फिटिंगवर फिरवली आणि ती व्यवस्थित बसलेली दाखवून काढून घेतली. पुतण्या गप्प झाला. मला मात्र त्या टोपीने पुन्हा पुस्तकांकडे पाठवले.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडातल्या प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे असत. एकाचा बोल्ट दुसऱ्याच्या नटात बसायचा नाही. मँचेस्टरच्या जोसेफ व्हिटवर्थ या यंत्रकाराने ठिकठिकाणच्या कारखान्यांतले स्क्रू जमवले, त्यांची मापे घेतली आणि चक्क सरासरी काढली. आट्याचा कोन ५५ अंश, आणि प्रत्येक जाडीला इंचामागे किती आटे हे ठरलेले: अशी पद्धत त्याने १८४१ मध्ये स्थापत्य अभियंत्यांच्या लंडनमधील संस्थेपुढे मांडली. पुढे नळांच्या ब्रिटिश मानकातही हाच कोन आला. ब्रिटिशांचे राज्य गेले, पण त्यांच्या नळांचे आटे आपल्या मोरीत राहिले. आणि त्याच घराण्याचा पाव इंची आटा आज जगभरच्या हौशी लोकांच्या संगणकांत बसतो.

गंमत अशी, की या आट्यावर पाव इंच कुठेच सापडत नाही. त्याचा बाहेरचा व्यास १३.१५७ मिलिमीटर, म्हणजे अर्ध्या इंचाहूनही थोडा अधिक. इंचात आटे १९. पाव इंच हे माप होते जुन्या लोखंडी नळाच्या आतल्या पोकळीचे. नळाची भिंत जाड, म्हणून बाहेरचा घेर मोठा. पुढे भिंती बदलल्या, धातू बदलले. नाव तेवढे राहिले. गावाबाहेरचे तळे बुजून वस्ती झाली तरी पत्त्यात 'तळ्याकाठी' राहावे, तसे.

आता मुख्य प्रश्न गळतीचा. आपल्या घरच्या नळात आट्यांनीच पाणी अडवायचे असते; म्हणून पूर्वी सफेता लावून ताग गुंडाळत, आता टेफ्लॉनची टेप गुंडाळतात. संगणकाच्या फिटिंगमध्ये आटे फक्त धरून ठेवतात. पाणी अडवते ती आट्यांच्या बुडाशी दबलेली रबराची गोल कडी, म्हणजे ओ-रिंग. नील्स क्रिस्टेन्सन या डेन्मार्कमध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या संशोधकाला या कडीचे अमेरिकी पेटंट १९३९ मध्ये मिळाले. तेव्हा त्याने सत्तरी ओलांडली होती. कडी दिसायला क्षुल्लक, पण २८ जानेवारी १९८६ रोजी थंडीने कडक झालेल्या अशाच कड्यांनी दगा दिला आणि 'चॅलेंजर' यानातले सातही अंतराळवीर गेले.

मग संगणकात पाणी शिरले कधी? १९४६ मध्ये जगापुढे आलेल्या 'एनिॲक'मध्ये सुमारे १८,००० व्हॅक्यूम ट्यूब होत्या आणि तो सुमारे १५० किलोवॅट वीज खाई. ही सारी वीज शेवटी उष्णताच होते. तिथे पंख्यांनी हवा खेळवून भागवले. पण तेवढ्याच अंशांनी तापताना एक लिटर पाणी एक लिटर हवेच्या साधारण ३,५०० पट उष्णता उचलते. त्यामुळे आज ना उद्या पाण्याकडे जावे लागणारच होते. आयबीएमच्या 'सिस्टिम ३६०' मालिकेतल्या मॉडेल ९१ मध्ये १९६७ च्या सुमारास थंड पाण्याचे नळ आले.

सिमूर क्रे यांच्या १९७६ च्या 'क्रे-१' मध्ये पाण्याऐवजी फ्रिऑन वापरला होता. ॲल्युमिनियमच्या उभ्या पट्ट्यांत पोलादी नळ्या बसवून त्यांतून तो फिरवीत. सुरुवातीला सांध्यांतून फ्रिऑनबरोबर त्यातले वंगणही झिरपू लागले. तेलाचा थर सर्किटच्या पट्ट्यांवर चढून शॉर्ट होई. त्या काळातले जगातले सर्वांत वेगवान यंत्र, आणि ते अडले होते नळीच्या सांध्यावर! वेल्डिंगची पद्धत बदलली तेव्हा ते मार्गी लागले. ही थंडाव्याची बाजू सांभाळणारे डीन राऊश हे मूळचे रेफ्रिजरेशनच्या धंद्यातले, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आयबीएमने १९८० मध्ये जाहीर केलेल्या ३०८१ या यंत्रात तर पाण्याला चिपजवळ फिरकूच दिले नाही. शंभराहून अधिक चिप एका बंद डब्यात, डब्यात हेलियम वायू, प्रत्येक चिपवर स्प्रिंगने दाबलेला धातूचा दट्ट्या, आणि पाणी डब्यावरच्या थंड तबकातून वाहणारे. सोवळ्याच्या स्वयंपाकघरात न घेता पाहुण्याला पडवीतच बसवावे, तसा प्रकार.

नव्वदीच्या दशकात कमी वीज खाणाऱ्या सीमॉस चिप आल्या आणि मोठ्या यंत्रांतले पाणी आटले. त्याच दशकाच्या अखेरीस ते घरगुती संगणकांत आले, तेही कारखान्यांतून नव्हे, तर हौशी पोरांच्या हातून. मोटारीच्या हीटरचा रेडिएटर, मत्स्यालयाचा पंप, घरी कोरलेला तांब्याचा ठोकळा, असे त्यांचे साहित्य. २००४ मध्ये ॲपलनेही द्रवाने थंड होणारा 'पॉवर मॅक जी५' विकायला काढला. त्यांतल्या काही यंत्रांत पुढे गळती झालीच.

आपल्याकडेही या गोष्टीचा एक धागा पोहोचतो. ऐंशीच्या दशकात भारताला अमेरिकेकडून हवा तसा क्रे संगणक मिळाला नाही. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक स्थापन झाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला. त्याच पुण्यात, आयसर संस्थेत, २०१९ मध्ये बसवलेल्या 'परम ब्रह्म'मध्ये प्रोसेसरला भिडलेल्या तबकांतून द्रव फिरतो. सोडून दिलेले पाणी असे परत आले आहे.

आमच्या घरच्या यंत्राकडे येतो. पुतण्याने आलेखाच्या कागदावर नळ्यांचा नकाशा काढला. नळ्या कडक, रबरी नळीसारख्या ओढूनताणून बसत नाहीत, म्हणून कापण्याआधी मिलिमीटरपर्यंत माप हवे. वळण देताना आत सिलिकॉनची दोरी घालायची, गरम हवेच्या यंत्राने तापवायचे आणि मऊ झाली की साच्यावर वळवायचे. आत दोरी नसेल तर नळी पिचकते. काटकोनी फिटिंग लावले तर वाकवण्याचे कष्ट वाचतात, पण कड्या वाढतात, म्हणजे गळतीच्या जागा वाढतात. म्हणून जमेल तिथे नळीच वाकवावी. टाकी पंपाच्या वर, पाणी काढायची तोटी सगळ्यांत खाली. तांब्याच्या तबकासोबत ॲल्युमिनियमचा रेडिएटर जोडायचा नाही. पाण्यातून दोन धातूंची जुंपते आणि ॲल्युमिनियम झिजते. आधी प्रोसेसर की आधी रेडिएटर, यावर मात्र त्याला फार डोके शिणवावे लागले नाही. मिनिटाला चार लिटर पाणी फिरत असेल आणि उष्णता ४०० वॅट असेल, तर एका फेरीत पाणी तापते जेमतेम दीड अंश.

सगळे जुळले. फक्त पंपाला वीज देऊन पाणी सोडले, आणि तिसऱ्या सांध्यातून एक थेंब उतरला. मग दुसरा. पोराचा चेहरा पडला. त्याने फिटिंग आणखी आवळले, थेंब वाढले. शेवटी तोच म्हणाला, "काका, त्यांना बोलवू या?"

कारागीर आला. नळी काढून तिच्या तोंडावरून त्याने बोट फिरवले. "धार मारली नाहीसा. कापलं की कड घासायची. न्हाईतर आत जाताना रबर चिरतंय." कडी काढून पाहिली; तिच्यावर केसाएवढा छेद होता. त्याने पॉलिश पेपरने नळीची कड तिरकी घासली, नवी कडी पाण्यात बुडवून बसवली आणि हातानेच आवळले. "पान्हा लावू नकासा. वडलांनी पहिल्या दिवशी हेच शिकवलं. ते लोखंडी पायपाचं, हे प्लास्टिकचं, एवढंच."

सांध्यांखाली कोरडे कागद पसरून पंप एक दिवस, एक रात्र चालू ठेवला. सकाळी कागद कोरडे होते. कारागिराने पैसे घेतले ते फक्त मोरीच्या नळाच्या वायसरचे.

व्हिटवर्थचे नाव १८४१ पासून पुस्तकांत आहे, आणि ते असावेच. पण त्याने जी सरासरी काढली ती कुणाच्या कामाची? ते स्क्रू ज्यांनी कातले, त्या कारागिरांपैकी एकाचेही नाव मला कुठे आढळले नाही. तीस वर्षे मी वर्गात शोध आणि शोधकांची नावे पाठ करून घेतली. नळीची कड घासायला प्रथम कोण शिकला, हे विचारायचे सुचलेही नाही. पुतण्याने बंगळूरला जाताना आलेखाचा तो कागद माझ्याकडे ठेवला. त्याच्या कोपऱ्यात, मापांच्या खाली, त्याने आता लिहिले आहे : कापल्यावर धार मारणे. पुढे कंसात शहापूरच्या त्या कारागिराचे नाव आहे.